फोटो काढून टाका म्हणणाऱ्यांना कायदा वाचायला सांगा



एप्रिल आणि डिसेंबर हे दोन महिने आले की महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत आणि महाविद्यालयांत विशेषांकांची लगबग सुरू होते. कुठे चार पानांचे पत्रक, कुठे भित्तिपत्रक, कुठे वर्गणी काढून छापलेली साठ-सत्तर पानांची स्मरणिका. या अंकांना पुरस्कार मिळत नाहीत, वर्तमानपत्रांत त्यांची परीक्षणे येत नाहीत. पण आपल्या चळवळीत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला लेख अशाच अंकात छापून आलेला असतो. विद्यार्थ्याचा अंक ही आपली लिहिण्याची पहिली शाळा आहे.

अलीकडे या शाळेच्या दारात एक नवीन हरकत येऊन उभी राहिली आहे. 'हा फोटो कॉपीराइटचा आहे, काढून टाका.' हे वाक्य कधी महाविद्यालयाची समिती बोलते, कधी छापखान्याचा मालक, तर कधी आपल्यातलाच एखादा जाणकार मित्र. कायद्याचे नाव घेतले की पोरे गप्प होतात. फोटो जातो, त्याच्या जागी एक चौकट किंवा कमळाची नक्षी येते आणि अंक निघतो.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सफाई कामगारांवर अंक केला होता. मी त्यांच्या अभ्यासवर्गाला जात होतो. मुलांनी पहाटे चारला उठून कामगारांशी बोलून लेख लिहिले होते. काही छायाचित्रे त्यांनी स्वतः काढली होती, काही वर्तमानपत्रांतून घेतली होती आणि त्या छायाचित्रांतून काय दाखवले जाते, काय लपवले जाते यावर एका मुलीने चांगला लेख लिहिला होता. समितीने कॉपीराइटचे कारण सांगून सगळी छायाचित्रे काढायला लावली, मुलांनी स्वतः काढलेलीसुद्धा! त्याच महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर मात्र इंटरनेटवरून उचललेला हसऱ्या विद्यार्थ्यांचा फोटो होता, तोही वॉटरमार्कसकट. हसरा फोटो चालतो. गटारात उतरलेला माणूस दिसला की कायदा आठवतो.

म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : अभ्यासासाठी आणि टीकेसाठी चित्र दाखवण्याचा हक्क भारतीय कायद्याने विद्यार्थ्याला दिलेला आहे. तो हक्क न वापरणे म्हणजे आपल्या हाताने आपले तोंड बांधणे. आणि तो वापरताना चित्रकाराचे, छायाचित्रकाराचे नाव गिळणे म्हणजे ज्याच्याशी आपण लढतो तीच रीत आपल्या घरात चालवणे. मी वकील नाही, कार्यकर्ता आहे. पण कायदा वाचायला वकील असावे लागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे

आधी भीतीबद्दल बोलू. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला हे ऐकून घाम फुटणारच. गुन्हा नोंद झाला तर चारित्र्य पडताळणीत काय होते हे आपल्या वस्त्यांना चांगले ठाऊक आहे.

पण भीती घालणारा माणूस कलम ६३ सांगतो आणि कलम ५२ सांगत नाही. कोणकोणत्या कृती म्हणजे कॉपीराइटचे उल्लंघन नव्हेच, त्याची लांबलचक यादी कलम ५२ मध्ये आहे. जे उल्लंघनच नाही त्याला शिक्षा कसली? कायद्याचे एक पान वाचून दाखवायचे आणि दुसरे झाकायचे, ही पोथी वाचणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. त्यावर आपला उपायही जुनाच आहे : पोथी हातात घ्यायची आणि स्वतः वाचायची.

पहिला प्रश्न : कॉपीराइट शिल्लक आहे का?

कोणतेही चित्र हाती आले की पहिला प्रश्न हा. कॉपीराइट कायमचा नसतो. लेखक किंवा चित्रकार वारल्यानंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे तो चालतो. १९९२ पर्यंत ही मुदत ५० वर्षांची होती, नंतर ती वाढवली गेली.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१६ ला संपला. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकाचे पान तुम्हाला मुखपृष्ठावर छापायचे आहे? खुशाल छापा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

छायाचित्रांचा हिशेब थोडा वेगळा आहे. पूर्वी छायाचित्राची मुदत ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जात असे, छायाचित्रकाराच्या आयुष्यापासून नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने हा नियम काढून टाकला आणि छायाचित्रही छायाचित्रकाराच्या हयातीशी जोडले गेले. याचा व्यवहारातला अर्थ असा : १९५१ च्या अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत २०११ च्या अखेरीस, म्हणजे दुरुस्ती येण्याआधीच संपली होती. गोलमेज परिषदेच्या काळात छापून आलेले बाबासाहेबांचे फोटो, संविधान सभेच्या काळात वर्तमानपत्रांत आलेले फोटो यांवर आज कोणी मालकी सांगत असेल तर त्याला विचारा, कोणत्या कायद्याने? १९५२ ते १९५६ मधल्या फोटोंबाबत, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या फोटोंबाबतही, छायाचित्रकार कोण होता, तो कधी वारला याचा शोध घ्यावा लागेल. शोध घ्याच. त्या शोधातूनसुद्धा एक लेख होईल.

जुन्या फोटोवर आपला शिक्का मारून तो विकणाऱ्या एजन्सी आणि संकेतस्थळे बरीच आहेत. शिक्का मारल्याने जुना फोटो नवा होत नाही. एखादी कृती 'मूळ' ठरायला नुसते श्रम आणि खर्च पुरेसे नाहीत, तिच्यात थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले. त्या न्यायाने पाहिले तर जुन्या फोटोचे जसेच्या तसे स्कॅन म्हणजे नवी निर्मिती नव्हे. मात्र एखाद्या चित्रकाराने त्या फोटोवरून स्वतःच्या कुंचल्याने चित्र रंगवले असेल तर ते चित्र त्याचे. हा फरक लक्षात ठेवा.

आणि पुतळे? सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढणे आणि तो छापणे हे उल्लंघन नाही, असे कलम ५२ मध्येच लिहिले आहे. आपल्या गावच्या चौकातला निळ्या कोटातला, हातात संविधान घेतलेला पुतळा तुमच्या मोबाइलमधून काढा आणि छापा. इंटरनेटवरून दुसऱ्याचा फोटो उचलण्यापेक्षा ते हजारपट चांगले. आपल्या गावाचा इतिहासही त्यात येतो.

दुसरा प्रश्न : तुम्ही चित्राबद्दल बोलता आहात का?

समजा, कॉपीराइट शिल्लक आहे. तरी दार बंद होत नाही. कलम ५२(१)(ए) सांगते की खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी केलेला रास्त वापर हे उल्लंघन नव्हे. आपल्या कायद्यात याला फेअर डीलिंग म्हणतात.

यातला 'टीका' हा शब्द आपल्यासाठी सोन्याचा आहे. २०१२ सालचा मे महिना आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते : संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, पाठ्यपुस्तकाच्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पुण्यात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. त्या हल्ल्याचे समर्थन मी करत नाही. पण ज्यांच्या आजोबांच्या पाठीवर खरा चाबूक पडला होता त्यांना त्या रेषा विनोदी का वाटल्या नाहीत, हा प्रश्न तेव्हाच्या इंग्रजी चर्चेत फार थोड्यांनी समजून घेतला.

आज विशीत असलेल्या आपल्या मुलांनी त्या वादाबद्दल फक्त ऐकले आहे, चित्र पाहिलेले नाही. त्यांना त्यावर लिहायचे असेल तर? शंकर १९८९ साली वारले, म्हणजे चित्रावरचा कॉपीराइट २०४९ च्या अखेरीपर्यंत आहे. तोपर्यंत आपण त्या चित्राबद्दल चित्र न दाखवताच बोलायचे का? चाबूक कोणाच्या हातात आहे, गोगलगाय कोणाकडे पाहते आहे, बघ्यांची गर्दी काय करते आहे, हे वाचकाला दाखवल्याशिवाय टीका होऊच शकत नाही. टीकेसाठीचा रास्त वापर कायद्यात आहे तो नेमका यासाठी. उन्नमती श्याम सुंदर यांनी वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे शोधून, एकेका चित्राचे विच्छेदन करणारे पुस्तक केले. ते २०१९ साली नवयानने प्रसिद्ध केले. चित्र पाठ्यपुस्तकातून काढायला लावून जे साधले नसते ते त्यांनी चित्रे समोर मांडून साधले : सवर्ण व्यंगचित्रकारांच्या नजरेतली जात पानापानावर दिसू लागली.

टीकेच्या या हक्काचा भारतातला एक महत्त्वाचा निकाल कशावरून आला हेही आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे. केरळमध्ये तोप्पिल भासी यांचे कम्युनिस्ट चळवळीवरचे नाटक १९५२ पासून गाजत होते. १९९५ साली सिविक चंद्रन यांनी त्याला उत्तर देणारे प्रतिनाटक लिहिले. मूळ नाटकातली पात्रे आणि प्रसंग घेऊन त्यांनी सवाल केला की ज्या दलित, भूमिहीन मजुरांच्या जोरावर पक्ष वाढला, त्यांच्या पदरात सत्तेने काय टाकले? भासी यांच्या वारसांनी कॉपीराइटचा दावा लावला, खालच्या न्यायालयाने प्रयोगाला मनाई केली. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि त्याने मूळ कृतीच्या बाजाराशी स्पर्धा होते का, हे तीन प्रश्न न्यायालयाने विचारले आणि प्रतिनाटक ही टीका आहे असे मानले. म्हणजे रास्त वापराचा भारतीय कायदा ज्या खटल्यातून घडला त्याच्या मुळाशी 'आमच्या लोकांचे काय झाले?' हा प्रश्न होता. ही आपली मिळकत आहे. ती कोणाच्या भीतीने गहाण टाकू नका.

म्हणून अंकाच्या संपादकाने प्रत्येक चित्रासमोर बसून एकच गोष्ट तपासावी : आपण या चित्राबद्दल काही बोलतो आहोत, की या चित्राने जागा भरतो आहोत? लेखात चित्राची चर्चा असेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे. पान रिकामे दिसते म्हणून टाकले असेल तर ती सजावट आहे, आणि सजावटीला रास्त वापर म्हणत नाहीत.

तिसरा प्रश्न : हे शिकवण्या-शिकण्याचा भाग आहे का?

कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात 'कोणत्याही कृतीची' प्रत काढणे हे उल्लंघन नाही. कोणत्याही कृतीत छायाचित्र आले, चित्र आले, नकाशा आला.

या पोटकलमाची लढाई दिल्लीत झाली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचे झेरॉक्सचे दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून ते विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना केली आणि त्या खटल्यात स्वतःहून पक्षकार झाले. ज्यांची पुस्तके छापून प्रकाशक मोठे झाले त्या अमर्त्य सेनांनीही प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही, ज्ञान वाढावे म्हणून कायद्याने दिलेली ती सोय आहे, असा त्या निकालाचा गाभा. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने काही वस्तुस्थिती तपासायला प्रकरण परत पाठवले, पण कायद्याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या बाजूनेच लावला : अध्यापन म्हणजे फक्त वर्गातले तासभराचे व्याख्यान नव्हे, आणि टक्केवारीची मोजपट्टी लावायची नाही, शिकवण्याच्या हेतूला जेवढे लागते तेवढे घेतले का हे पाहायचे. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

लक्षात घ्या, बाबासाहेबांनी 'दैवी' म्हणवणारा अधिकार नाकारायला आपल्याला शिकवले. मालमत्तेचा अधिकारही दैवी नसतो. ज्ञानाचा तर नाहीच नाही. ज्ञान हीच काही घराण्यांची मालमत्ता ठरवून आपल्याला हजारो वर्षे बाहेर ठेवले गेले.

पण इथे एक मर्यादा मी स्पष्ट सांगतो, कारण जोशात येऊन अर्धवट कायदा सांगणे हाही विद्यार्थ्यांचा घातच आहे. प्रकल्प, शोधनिबंध, वर्गातले सादरीकरण, विभागाचे भित्तिपत्रक, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला अंक हे या पोटकलमात बसतात. दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर स्टॉल लावून विकलेली पुस्तिका बसेल असे धरून चालू नका. तिथे पुन्हा टीका-समीक्षेच्या दारातूनच जावे लागेल, किंवा परवानगी घ्यावी लागेल.

अमेरिकेची पाटी आपल्या भिंतीवर लावू नका

आपली मुले व्हिडिओखाली आणि अंकाच्या शेवटच्या पानावर 'फेअर यूज'ची एक इंग्रजी ओळ चिकटवतात. ती ओळ अमेरिकन कायद्याची आहे. तिथे न्यायालय हेतू, कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम हे चार मुद्दे पाहून कोणत्याही हेतूचा वापर रास्त ठरवू शकते. आपल्याकडे फेअर डीलिंगचे हेतू कायद्यात मोजून दिले आहेत. त्या चौकटीत बसत नसेल तर अमेरिकेची पाटी तुम्हाला वाचवणार नाही. आणि बसत असेल तर त्या पाटीची गरजही नाही. त्याऐवजी मराठीत साधे लिहा : हे छायाचित्र अमुक यांचे, अमुक ठिकाणी प्रसिद्ध झालेले, त्यावरील टीकेसाठी येथे घेतले आहे.

आता आपल्या घरातले बोलू

इथपर्यंत वाचून काही मित्र खूश झाले असतील. म्हणतील, चळवळीसाठी सगळे फुकट, घ्या आणि छापा. त्यांच्याशी माझे भांडण आहे.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. त्यासाठी वर्षानुवर्षे त्या माणसांबरोबर ते राहिले, गटारांच्या तोंडाशी उभे राहिले. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली आला. पण त्या आधीपासून देशाला जे दिसत नव्हते ते अशा छायाचित्रांनी दाखवले. असा फोटो आपण अंकात घेतो आणि खाली काय लिहितो? 'फोटो : गूगल'. गूगलने गटारात उतरून फोटो काढला का?

ज्याने राबायचे त्याचे नाव पुसायचे आणि ज्याच्या हातात साधन आहे त्याचे नाव लावायचे, ही या देशाची हजारो वर्षांची पद्धत आहे. लेणी कोरणाऱ्या हातांची नावे किती जणांना माहीत आहेत? जयंतीचे बॅनर रंगवणारे आपल्याच वस्तीतले पेंटर, मोर्च्यात उन्हात धावत फोटो काढणारा आपलाच पोरगा, भीमगीतांच्या कॅसेटची मुखपृष्ठे करणारे कलावंत, यांची नावे आपणच किती वेळा लिहिली? कायद्याचे कलम ५७ सांगते की कॉपीराइट विकून टाकला तरी कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड थांबवण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. कायद्याला जे कळते ते आंबेडकरी संपादकाला कळू नये?

आणखी एक. आपला छायाचित्रकार, आपला छोटा प्रकाशक पोटासाठी जगतो. त्याचे पोस्टर जसेच्या तसे छापून स्टॉलवर विकणे हा रास्त वापर नव्हे, ती चोरी आहे. निळा झेंडा लावल्याने तिचा रंग बदलत नाही. बड्या एजन्सीसमोर कायद्याने ताठ उभे राहायचे आणि आपल्या माणसाला एक फोन करून विचारायचे. बहुतेक वेळा तो आनंदाने हो म्हणतो. त्याला फक्त विचारलेले हवे असते.

कॉपीराइटच्या भीतीने एक नवी पळवाटही निघाली आहे. एआयला सांगायचे, बाबासाहेबांचा फोटो बनव. कॉपीराइटचा प्रश्न नाही आणि चित्र गुळगुळीत. पण त्या चित्रातला चेहरा बाबासाहेबांचा नसतो, ती सभा कधी झालेली नसते, मागची गर्दी कोणत्याच गावची नसते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा 'फोटो' म्हणून असले चित्र विद्यार्थ्यांच्या अंकात छापले गेले, की दहा वर्षांनी तेच पुरावा म्हणून फिरणार. आपला इतिहास नाकारणाऱ्यांच्या हातात यापेक्षा चांगले हत्यार कोणते? कायद्याने मोकळा असलेला खरा फोटो भीतीने बाहेर ठेवायचा आणि खोटा चेहरा मुखपृष्ठावर घ्यायचा, ही कॉपीराइटच्या भीतीची सर्वांत महाग किंमत आहे.

संपादक मंडळासाठी

अंक छापायला देण्याआधी एका वहीत प्रत्येक चित्राची एक ओळ लिहा.

१. चित्र कोणाचे, कोणत्या साली, पहिल्यांदा कुठे प्रसिद्ध झाले?
२. मुदत संपली आहे का? संपली असेल तर तसे लिहा आणि निर्धास्त छापा.
३. संपली नसेल तर लेखात त्या चित्राबद्दल काय म्हटले आहे? काहीच नसेल तर ते चित्र वगळा किंवा परवानगी घ्या.
४. जेवढे लागते तेवढेच घ्या. टीकेसाठी संपूर्ण चित्र दाखवावे लागते हे खरे, पण पानभर मोठे करून पोस्टरसारखे छापायची गरज नसते. मजकुराशेजारी, वाचता येईल इतक्या आकारात घ्या.
५. छायाचित्रकाराचे नाव चित्राखाली. नाव सापडले नसेल तर 'छायाचित्रकार अज्ञात' असे प्रामाणिकपणे लिहा.
६. जिवंत माणसाच्या फोटोबाबत कायद्यापलीकडे जाऊन त्या माणसालाही विचारा. विशेषतः अत्याचारग्रस्त कुटुंबाचे दुःख आपल्या मुखपृष्ठाची सामग्री नाही.

ही वही जपून ठेवा. समितीने हरकत घेतली तर भांडू नका, वही पुढे करा आणि म्हणा : कोणत्या चित्रावर हरकत आहे आणि कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या. माझा अनुभव असा आहे की लेखी मागितले की अर्ध्या हरकती तिथेच विरतात. उरलेल्या अर्ध्यांना कलम ५२ पुरते.

मागणी

शेवटी एक मागणी, जी आपल्या विद्यार्थी संघटनांनी उचलली पाहिजे. कायदा 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' हे शब्द वापरतो. न्यायालयाने त्यांचा अर्थ एका व्यक्तीपुरता ठेवला नाही, हे चांगलेच झाले. पण बुद्धविहारातली अभ्यासिका, वस्तीतले वाचनालय, रविवारचा धम्मवर्ग, कामगारांचा रात्रीचा अभ्यासगट यांचे काय? तिथेही शिकणे आणि शिकवणे चालते. जोतिराव-सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा प्रस्थापितांच्या लेखी तीही शाळा नव्हतीच. आपला समाज भिंतींच्या आत शिकला त्यापेक्षा भिंतींच्या बाहेर जास्त शिकला. विनानफा चालणाऱ्या अशा शिक्षणकार्यालाही अध्यापनाची सवलत आहे, असे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवे. आणि विद्यापीठांनी आपल्या महाविद्यालयांना मराठीत एक पानाचे परिपत्रक काढून सांगावे की विद्यार्थ्यांच्या अंकात काय चालते. म्हणजे प्रत्येक प्राचार्य स्वतःच्या भीतीचा कायदा करणार नाही.

तोपर्यंत वाट पाहत बसू नका. येत्या १४ एप्रिलच्या अंकाची तयारी सुरू झाली असेल. खरा फोटो शोधा, त्यावर लिहा, काढणाऱ्याचे नाव छापा. आणि कोणी 'काढून टाका' म्हणाले, तर कलम ५२ ची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवा. ती झेरॉक्स काढायलाही कोणाची परवानगी लागत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!